आयसीयूच्या ड्युटीवर फिल्टरवाले इअरप्लग: ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या नर्सचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईतल्या लोकांची सोय. पाचपैकी साडेतीन स्टार. नुसता ऑटिझम असता तर साडेचार दिले असते, नुसता एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) असता तर अडीच, पण दोन्ही भाडेकरू एकाच डोक्यात राहतात म्हटल्यावर सरासरी काढण्यापलीकडे इलाज नाही.

हा रिव्ह्यू खास हॉस्पिटलात काम करणाऱ्यांसाठी आहे, नर्स, डॉक्टर, टेक्निशियन, फिजिओ, कोणीही असा. कारण या इअरप्लगचे रिव्ह्यू शोधायला गेलं की सगळे गाण्याच्या कार्यक्रमातले, विमानातले नाहीतर शेजारी घोरणाऱ्या माणसाबद्दलचे. जिथे आवाज सहन होत नाही आणि तरी ऐकू येणं ही नोकरीची अटच आहे अशा जागी हे कसे चालतात ते कोणी सांगत नाही. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, ऑटिस्टिक आहे, एडीएचडी पण आहे, दोन्ही निदानं नोकरीला लागल्यावर झाली. "दोन्ही एकदम कसं काय?" असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, २०१३ मध्ये डीएसएम-५ (मानसिक निदानांचे निकष ठरवणारं अमेरिकन पुस्तक) यायच्या आधी नियमानेच एका माणसाला ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती, ऑटिझम लिहिलं की एडीएचडी बाद. त्यामुळे आज वॉर्डात सीनियर झालेल्यांपैकी कितीतरी जण अर्धं निदान घेऊन नाहीतर काहीच न घेता, 'वेंधळी', 'तुसडी', 'हुशार आहे पण' असले शेरे खात इथवर आलेत.

तर वस्तू. सिलिकॉनचे छोटे प्लग, आत बारीक फिल्टर, बाहेरून कानात काहीतरी आहे हे पटकन कळत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण हा प्रकार बऱ्याच कंपन्या बनवतात आणि माझं म्हणणं प्रकाराबद्दल आहे. डब्यावर १७ डेसिबल लिहिलंय, पण तो आकडा लॅबमधला, नीट बसवलेल्या प्लगचा, आपल्या कानात गडबडीत कोंबलेल्या प्लगला तेवढा कुठून मिळायचा. तरी १० डेसिबल जरी कमी झाले तरी कानाला आवाज साधारण अर्धा झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे फरक पहिल्या मिनिटाला कळतो.

आता आयसीयूतल्या आवाजाबद्दल, कारण बाहेरच्यांना वाटतं तिथे शांतता असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच लिहून ठेवलंय की पेशंटच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, जिथे उपचार चालतात तिथे ३५. हे वाचून आमच्याकडे सगळे हसले होते. व्हेंटिलेटरचा श्वास, सक्शन, औषधाच्या पंपाचं टुंकटुंक, ट्रॉलीचं एक चाक जे कायम वाकडंच असतं, फोन, आणि या सगळ्यावर अलार्म. अलार्मला सुद्धा भाषा असते बरं का, मानकाप्रमाणे मध्यम प्रायॉरिटीचा म्हणजे ३ टोन, हाय प्रायॉरिटीचा १० टोनचा, आधी ३ मग २ आणि तेच परत. माझा ऑटिस्टिक मेंदू ही भाषा फार लवकर शिकला, कुठल्या बेडचा कुठला पंप हे मी पाठमोरी बसून सांगते आणि बाकीचे बघत राहतात. पण तोच मेंदू वाकड्या चाकाला आणि १० टोनवाल्या अलार्मला सारखाच भाव देतो, गाळणी नावाचा प्रकारच नाही. आणि एडीएचडी काय करतो तर प्रत्येक आवाजाकडे मान वळवतो. एक म्हणतो सगळं ऐकू येतंय त्रास होतोय, दुसरा म्हणतो सगळं ऐकू येतंय चला बघूया काय आहे. सहा तास झाले की मला वाक्य जुळवता येत नाही, आणि ड्युटी सहा तासांत संपत नाही.

खरी परीक्षा झाली हँडओव्हरला. बेडजवळ उभं राहून जाणारी सिस्टर येणारीला सांगतेय, शेजारच्या बेडला फिजिओ चालू आहे, मागे कोणीतरी एक्स-रेचं मशीन ढकलत आणतंय, त्यात आमचा पंप लाइन वाकल्यामुळे कोकलतोय. प्लगशिवाय मला अशा वेळी माणसाचे ओठ हललेले दिसतात (मास्क असेल तर तेही नाही) आणि शब्द आधीच्या वाक्यातले पोचतात. प्लग घालून पहिल्यांदा असं झालं की मागचं मशीन मागे राहिलं आणि समोरची सिस्टर समोर. बोलणं थोडं लांबून येतं, पण सलग येतं. फोमचे स्वस्तातले बोळे मी आधी वापरून बघितले होते, ते यासाठी अजिबात घेऊ नका, ते चिरके वरचे आवाज जास्त कापतात आणि आपल्या बोलण्यातले स, त, प, क हे सगळे तिथेच वर राहतात, म्हणजे घुमणारं 'ऑं ऑं' ऐकू येतं आणि शब्द गायब. हॉस्पिटलात हा चेष्टेचा विषय नाही, डोपामिन आणि डोब्युटामिन या दोन वेगळ्या औषधांच्या नावांतला फरक मधल्या एक-दोन अक्षरांत असतो. फिल्टरवाले सगळ्याच आवाजांना साधारण सारखं खाली आणतात म्हणून शब्द ओळखू येतात.

तरी पण तोंडी ऑर्डर घेताना मी लिहून घेते आणि परत वाचून दाखवते, औषध, डोस, कुठून द्यायचं, सगळं. हे तसंही सगळ्यांनीच करायचं असतं, नियमच आहे, पण मी करते तेव्हा एका डॉक्टरांना वाटायचं ही मंद आहे. वाटू दे. सगळे संक्षिप्त बोलतात आणि 'समजून घे' म्हणतात तिथे परत वाचून दाखवणं हे ऑटिस्टिक माणसासाठी वरदान आहे, गृहीत काही धरावंच लागत नाही. हँडओव्हर ठरलेल्या साच्यात झाला तर अजून बरं, एसबीएआर म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, काय करायला हवं. हा साचा मुळात अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरून दवाखान्यात आला, हे मला कळलं तेव्हा मी वॉर्डात आठवडाभर प्रत्येकाला सांगत सुटले होते, कोणाला काही पडलेलं नव्हतं.

आता तोटे, आणि हे नीट वाचा.

पहिला तोटा म्हणजे स्वतःचा आवाज. कान बंद झाले की आपलं बोलणं हाडांतून आतच घुमतं, मोठ्याने वाटतं, म्हणून आपण नकळत हळू बोलायला लागतो. मला आधीच आवाजाची पट्टी सांभाळता येत नाही, एकतर कुजबुज नाहीतर माइक लावल्यासारखी. प्लग घातल्यावर पहिल्याच ड्युटीत एक पेशंट आजोबा तीन वेळा "काय?" म्हणाले आणि मला वाटतंय मी ओरडतेय. उपाय असा काढला की पेशंटशी किंवा नातेवाइकांशी बोलताना एका कानातला काढायचा, एकच, आणि मास्कच्या आतला आपला श्वास सिनेमातल्या भुतासारखा ऐकू येतो त्याची सवय करून घ्यायची, ती होते.

दुसरा, स्टेथोस्कोप. प्लग असताना स्टेथो लागत नाही, उघड आहे, पण दिवसातून किती वेळा छाती ऐकावी लागते ते मोजा आणि मग विकत घ्या. दर वेळी काढा, ठेवा, घाला. आणि काढताना-घालताना हात स्वच्छ हवेत, म्हणजे हँडरब चोळा, २० ते ३० सेकंद, मग कानाला हात लावा, मग परत चोळा कारण आता कानाला हात लागला. ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने कानाला हात लावायचाच नाही. आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांना मी आधीच विचारून घेतलं होतं, त्या म्हणाल्या ड्युटी संपली की साबणपाण्याने धुवायचे, डबा पण धुवायचा, आणि आयसोलेशनच्या खोलीत शिरण्याआधी काय ते ठरवायचं, घालायचे तर घालून जायचं आणि बाहेर येईपर्यंत हात लावायचा नाही. हे त्यांच्याकडून लेखी घेऊन ठेवलंय. तुम्ही पण घ्या. तोंडी परवानगी इन्चार्ज बदलली की हवेत जाते.

तिसरा तोटा प्लगचा नाही, माणसांचा आहे. प्लग दिसत नाहीत हे जाहिरातीत फायदा म्हणून लिहितात, वॉर्डात तो तोटा आहे. तुम्हाला कमी ऐकू येतंय हे कोणाला कळतच नाही, मग मागून हाक मारली आणि तुम्ही वळला नाहीत की लोक म्हणतात भाव खाते, मुद्दाम दुर्लक्ष करते. एका जुन्या सहकारीणबाईंनी तर ब्रेकरूममध्ये सगळ्यांदेखत "हिने कानात बोळे घातलेत" असं म्हटलं, त्यांना टोमणा मारायचा होता, मी शांतपणे "हो, सिलिकॉनचे" म्हणाले आणि मला टोमणा होता हे घरी पोचल्यावर कळलं. त्यानंतर मी ज्यांच्याबरोबर पाळी असते त्यांना सुरुवातीलाच सांगते की मागून हाक मारू नका, समोर या नाहीतर खांद्याच्या उंचीवर हात हलवा. निदान सांगत नाही, एवढंच सांगते. निदान कोणाला सांगायचं हा वेगळा विषय आहे आणि त्यात माझा अनुभव संमिश्र आहे.

आता एडीएचडीवाला भाग, जिथे स्टार कापले गेले.

आवाज खाली आला की ऑटिस्टिक बाजू खूश, आणि बरोबर त्याच वेळी दुसरी बाजू कंटाळते. रात्री तीन वाजता चार्टिंग करताना सगळं मऊ आणि लांब ऐकू यायला लागलं की माझं लक्ष कुठल्या कुठे जातं, पेन हातात, इनटेक-आउटपुटची (पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं त्याची) बेरीज अर्धी, आणि मी विचार करतेय की ऑक्सिजनच्या पाइपचे रंग कोणी ठरवले असतील. ज्यांना एडीएचडी नाही त्यांना वाटतं शांततेत एकाग्रता होते. आम्हाला थोडा आवाज लागतो हो, फक्त तो आपल्या मर्जीचा लागतो. म्हणूनच कोणी क्रॅश झालं, म्हणजे पेशंटची तब्येत एकदम ढासळली, धावपळ सुरू झाली की माझं डोकं एकदम लख्ख होतं, हात आपोआप चालतात, औषधं भरली जातात, वेळा नोंदवल्या जातात, आणि सगळे नंतर म्हणतात "तू किती शांत होतीस". तीच मी बेरीज करताना चार वेळा उठते. तर क्रॅशच्या वेळी प्लग लगेच काढायचे, हा माझा पक्का नियम, तिथे मला प्रत्येक आवाज हवा असतो.

हरवण्याबद्दल काय बोलू. एवढीशी वस्तू, आणि युनिफॉर्मच्या खिशात आधीच पेन, टेप, कात्री, कॅन्युलाची झाकणं, दुमडलेला हँडओव्हरचा कागद. डबा आयडी कार्डाच्या दोरीला क्लिपने अडकवता येतो तोच घ्या. बिनक्लिपचा डबा घेणारा एडीएचडीवाला म्हणजे लॉन्ड्रीवाल्यांना भेट देणारा. माप जमलं की दोन जोड जवळ ठेवा असं पण सांगेन. आणि काळे घेऊ नका, कुठलाही भडक रंग घ्या. मी पहिले काळे घेतले होते कारण दिसायला छान, पण एक पडला की करड्या फरशीवर बेडखाली मोबाइलची टॉर्च मारत बसावं लागतं.

इथे एक जोडवस्तू सांगते कारण प्लग एकटे पुरत नाहीत. कान झाकले की मोबाइलच्या बारीक टिंग वरची भिस्त संपते, आणि मला वेळ कळतच नाही, पाच मिनिटं आणि पन्नास मिनिटं आतून सारखीच वाटतात. रक्त लावलं की पहिल्या १५ मिनिटांनी बघायचंच असतं, त्याच वेळात रिअॅक्शन दिसायची शक्यता जास्त, आणि पिशवी चार तासांत संपवायची. अशा ठिकाणी 'मला आठवेल' चालत नाही. म्हणून थरथरणारा टायमर. मनगटावरचं घड्याळ सगळ्यांत सोपं झालं असतं, पण कोपराच्या खाली काही घालायचं नाही हा नियम बऱ्याच हॉस्पिटलात आहे, हात धुण्यासाठी, आणि तो योग्यच आहे. तर क्लिपवाला घ्या, पँटच्या आतल्या पट्टीला लावा, अंगाला थेट लागला पाहिजे. खिशात ठेवला तर थरथर कापडातच विरते. या टायमरला मी बिनधास्त साडेचार देईन, अर्धा यासाठी कापला की त्याची थरथर अचानक येते आणि मी दचकते, त्यात हातात सिरिंज असली तर अजूनच. हलकी थरथर आधी, मग जोरात, असं सेटिंग असलेले मिळतात ते बघा.

प्लग काय करत नाहीत तेही सांगून टाकते. ट्यूबलाइटचं काही करत नाहीत. ग्लोव्ह्जच्या आतल्या घामाचं, हँडरबच्या वासाचं, डिस्पोजेबल गाउनच्या सळसळीचं काही करत नाहीत (सळसळ थोडी कमी होते). ऐन वेळी "आज तू दुसऱ्या वॉर्डला जा" म्हटल्यावर पोटात जो गोळा येतो त्याच्यावर तर कुठलाच प्लग नाही. हे लिहायचं कारण एवढंच की काही जाहिराती 'न्यूरोडायव्हर्जंट लोकांसाठी' (म्हणजे ऑटिझम, एडीएचडीवाल्या आमच्यासारख्यांसाठी) असं लिहून असा आव आणतात की कानात घातलं की आयुष्य सुरळीत.

आणि एक गोष्ट जी इअरप्लग विकणारा कधीच सांगणार नाही. आमच्या वॉर्डात आवाज खरोखर कमी कशाने झाला असेल तर ईसीजीचे छातीवर चिकटवायचे इलेक्ट्रोड रोज बदलायला लागलो त्याने. सुकलेला इलेक्ट्रोड म्हणजे खोटे अलार्म, रात्रभर. दुसरं म्हणजे पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक पेशंटच्या अलार्मच्या मर्यादा त्याच्या तब्येतीप्रमाणे डॉक्टरांना विचारून लावायच्या. ज्याची नाडी मुळातच ५२ असते त्याच्या मॉनिटरची खालची मर्यादा ६० ठेवून बसलात तर तो वाजणारच, आणि तुम्ही बघूनही काही करणार नाही आहात, मग हळूहळू सगळ्यांचेच कान त्याला सरावतात आणि खरा अलार्म आला तरी कोणी उठत नाही. हा धोका मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही कारण माझे कान सरावतच नाहीत. बाकीच्यांना आवाज ऐकू येणं बंद होतं, मला होत नाही, त्यामुळे वॉर्डात मर्यादा तपासत फिरणारी मी एकटीच होते आणि लोकांना आधी ते किरकिर वाटलं. आता पाळीच्या चेकलिस्टमध्ये आहे. आधी हे करा, मग कानाचं बघा.

मी कुठे घालते ते सांगते. हँडओव्हरला, डॉक्टरांच्या राउंडला, औषधं काढताना, ब्रेकरूममध्ये, आणि ड्युटीवर जाता-येताना. कुठे घालत नाही: वॉर्डात मी एकटीच असेन तेव्हा, व्हेंटिलेटरचा पेशंट माझ्या एकटीच्या नजरेखाली असेल तेव्हा, आणि क्रॅशला. सगळ्या बेडचे आकडे एकत्र दिसतात त्या सेंट्रल मॉनिटरपाशी दुसरं कोणीतरी बसलेलं असेल तर चालतं, पण तिला सांगून. माझ्या कानाने मी प्रत्येक अलार्म प्लग घालून वाजवून बघितला होता, मशीनं सांभाळणाऱ्या बायोमेडिकलच्या माणसाला गोड बोलून, दार बंद असताना, पाणी चालू असताना, सगळं. एका जुन्या पंपाचा अलार्म बंद दारातून मला ऐकू आला नाही, त्या खोलीत असले की दार उघडं ठेवते. ही तपासणी तुमच्या वॉर्डात तुम्हीच करायची, माझ्यावर विसंबू नका.

फायदा किती झाला हे विचाराल तर तो ड्युटीवर कमी आणि ड्युटीनंतर जास्त दिसला. आधी घरी आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, कोणी "कशी गेली ड्युटी" विचारलं तरी अंगावर आल्यासारखं व्हायचं, अंधारात पडून राहायचे. आता पण पडते, पण जेवायच्या वेळेपर्यंत माणसात येते. म्हणूनच तोट्यांची एवढी यादी वाचूनही साडेतीन.

मात्र घरी घालू नका, म्हणजे सारखे नका घालू. कान सतत झाकून ठेवले की साधे आवाज पण जास्त टोचायला लागतात, हे कानाचे तज्ज्ञ सांगतात आणि मला स्वतःला सुट्टीच्या दिवशी जाणवलंय. कानात मळ आत ढकलला जातो तेही आहे, दुखलं किंवा दडा बसला तर बंद करून दाखवून या.

साइजबद्दल: डब्यात तीन-चार मापाची टोकं येतात आणि सगळे मधलंच लावून मोकळे होतात. दोन्ही कान एकसारखे असतीलच असं नाही, माझ्या उजव्याला छोटं लागतं आणि डाव्याला मधलं. कान वर आणि मागे ओढून मग घाला, जांभई दिल्यावर सुटत असेल तर माप चुकलंय. मास्कचं इलॅस्टिक कानामागे असेल तर प्लग बाहेर ढकलला जातो, मागे डोक्याला बांधायचा मास्क किंवा कॅपला बटणं लावून घेतलीत तर तो त्रास जातो. आणि बॉक्स फोडल्यावर बहुतेक कंपन्या परत घेत नाहीत, तेव्हा आधी एकच जोड मागवा, माप जमलं की मग दुसरा.